शाळेतली मंडळं: फलक आहे, मंडळ कुठंय?

कृष्णाकाठ | २० जुलै, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी,

लेक यंदा नववीत गेली. शाळा कराडमधलीच, अनुदानित, मराठी माध्यमाची. जूनच्या पालकसभेत पालक-शिक्षक संघावर माझी वर्णी लागली (सभेला वेळेवर पोचले, हाच काय तो गुन्हा) आणि चहा संपायच्या आत मुख्याध्यापकांनी काम दिलं: "ताई, तुम्ही जरा मंडळांचं बघा."

बघायला गेले. जिन्याखाली लाकडी फलक आहे. त्यावर पांढऱ्या ऑइलपेंटने विज्ञान मंडळ, वाङ्मय मंडळ, गणित मंडळ, निसर्ग मंडळ, इतिहास मंडळ आणि प्रत्येकापुढे प्रमुख शिक्षकाचं नाव. त्यातले दोघं कधीच निवृत्त झालेत. लेकीला विचारलं, तू कुठल्या मंडळात गं? तर म्हणाली, "ते ऑगस्टमध्ये हॉलमध्ये बसवून उद्घाटन करतात तेच ना? त्यात आपण नसतो, त्यात पाहुणे असतात."

निसर्ग मंडळाची फाइल सापडली. तिच्यात एकच फोटो: एक रोप आणि त्याला हात लावून उभी असलेली नऊ मोठी माणसं. सगळ्यात मागे अर्धं डोकं दिसतंय, तो विद्यार्थी असावा.

म्हटलं, विज्ञान मंडळापासून सुरुवात करू. (मी बीएस्सी फिजिक्स, पुढे संसार आणि स्टेशनरीचं दुकान.) शाळा सुटते पाचला. पाच ते सहा प्रयोगशाळा उघडी ठेवायला सर तयार झाले. पहिल्या बुधवारी नावं आली चाळीस. दुसऱ्या बुधवारी मुलं आली अकरा. परवा चार, त्यातली एक माझीच.

वक्ते बोलवा, बक्षिसं ठेवा, देणगीदार शोधा असे सल्ले घरात आणि गल्ल्यावर भरपूर मिळालेत. मला इथं एवढंच विचारायचंय: तुमच्या शाळेत एखादं मंडळ, पथक, काहीही, खरोखर वर्षभर चाललं असेल, तर ते कशावर चाललं?

पन्हं | २० जुलै, रात्री ११:२५

नाश्त्यावर. हसू नका.

आठवीत मी एनसीसीत गेलो ते देशसेवेसाठी नव्हे, शनिवारच्या परेडनंतर मिळणाऱ्या नाश्त्यासाठी आणि बुटांसाठी. पण दोन वर्षं टिकलो ते दुसऱ्याच कारणाने. वार ठरलेला, वेळ ठरलेली, आणि आपण नाही गेलो तर तिसऱ्या रांगेत भोक पडायचं, ते सगळ्या मैदानाला दिसायचं. शुक्रवारी रात्री पट्ट्याचं बक्कल ब्रासोने घासत बसायचो, बोटं काळी व्हायची, आई म्हणायची एवढी भांडी घासलीस तर. दहा दिवसांच्या कॅम्पात पॉइंट टू टू रायफलच्या पाच गोळ्या मिळाल्या. पाचही मातीच्या ढिगात गेल्या. तरी 'ए' सर्टिफिकेट मिळालं, अजून आहे.

पण एनसीसीच्या मागे १९४८ चा कायदा आहे, बटालियन आहे, ते बघणाऱ्या शिक्षकाला रीतसर प्रशिक्षण आणि मानधन आहे. तुमच्या जिन्याखालच्या फलकाच्या मागे फक्त भिंत आहे.

एसटीची_खिडकी | २१ जुलै, सकाळी ६:५०

ताई, एक सोपं काम करा. ती चाळीस नावांची वही उघडा आणि प्रत्येक नावापुढे गाव लिहा.

मी पाचवी ते दहावी रोज एसटीने शाळेत गेले. मुलींना पास फुकट (अहिल्याबाई होळकर योजना), गाडी मात्र एकच. ती चुकली की पुढची साडेसातला, तोवर स्टँडवर अंधारात. गॅदरिंगच्या नाचात सहा वर्षांत मला एकदाही घेतलं नाही, कारण तालीम शाळा सुटल्यावर. बाई म्हणायच्या, हिला आवडच नाही. आवड होती हो. गाडी नव्हती.

वऱ्हाडी_ठेचा | २१ जुलै, सकाळी ९:१५

+१. आमच्याइकडं मुलींसाठी सरकारच्या मानव विकास कार्यक्रमाची निळी बस असते. लय चांगली सोय, पोरींची शाळा टिकली तिच्यानं. पण ते शाळा सुटली की निघते. मंग कबड्डी असो का नाटक, सातवी घंटा व्हायच्या आत उरकलं तर उरकलं.

कृष्णाकाठ | २१ जुलै, दुपारी ३:०५

खिडकीताई, वही उघडली. चाळीसपैकी सव्वीस बाहेरगावची: उंडाळे, काले, विंग, मसूर, उंब्रज. टिकलेल्या अकरांत बाहेरचा एक, आणि तोही इथं मामाकडे राहतो. उंडाळे गाडी सव्वापाचची आहे.

मी तीन आठवडे खाण्याच्या सोड्यात आणि व्हिनेगरमध्ये दोष शोधत होते.

अण्णा_सांगलीकर | २१ जुलै, संध्याकाळी ६:४०

लोकहो, जरा जमिनीवर या. नववीचं वर्ष म्हणजे दहावीचा पाया. अकरावीच्या प्रवेशाला टक्के विचारतात, विज्ञान मंडळात होतात का असं कुणी विचारत नाही. चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेचं समजू शकतो, तिथं निदान दहावीला वाढीव गुण आहेत: अ श्रेणीला ७, ब ला ५, क ला ३. माझ्या नातवाने सात घेतले. सोडा फसफसवून काय मिळणार? पालकांनी हा विचार केला म्हणून पोरं येत नसतील, एसटी हे निमित्त.

जास्वंदी | २१ जुलै, रात्री ८:३०

अण्णा, राग मानू नका, पण त्या सात गुणांनीच चित्रकलेची वाट लागली. आमच्या कन्येच्या शाळेत स्थिरचित्र म्हटलं की तोच तांब्या, तीच दोन केळी, मागे तोच चुण्यांचा पडदा. स्मरणचित्रात सगळ्यांना एकच बाजार आठवतो, डावीकडे छत्रीवाली भाजीवाली. परीक्षा झाली की रंगपेटी धाकट्या भावाला. नातू आता चित्रं काढतो का, हे खरंच विचारतेय, टोमणा नाही.

आणि कृष्णाकाठ, तुमच्या प्रश्नाला माझं उलटं उत्तर. मी प्रत्येक स्पर्धेला पाठवल्या जाणाऱ्या त्या पाच पोरांतली होते. प्रत्येक शाळेत ती असतात. वक्तृत्वाला तीच, विज्ञान प्रदर्शनाला तीच, होमी भाभा बालवैज्ञानिक परीक्षेला तीच, बालनाट्यात राजाराणीही तीच. भाषण बाईंनी लिहिलेलं, हातवारे आईने बसवलेले. "अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजनवर्ग आणि इथे जमलेल्या माझ्या बालमित्रांनो" हे मला भुलेखाली पण म्हणता येईल. दहावीपर्यंत एकतीस प्रमाणपत्रं जमली. मला काय करायला आवडतं ते मात्र पंचविशीत कळलं, तेही शेजारणीकडे मातीचं काम बघून.

शाळांनी मंडळं बंद केली नाहीत, त्यांच्या जागी स्पर्धा बसवल्या. त्यात उरलेली पंचेचाळीस पोरं टाळ्या वाजवायला.

अण्णा_सांगलीकर | २१ जुलै, रात्री ९:१०

नातू चित्रं काढत नाही. सध्या जेईई चालू आहे. बाकी चालू द्या.

उंडगा | २१ जुलै, रात्री ९:४५

मी शालेय मंत्रिमंडळात सांस्कृतिक मंत्री होतो. चिठ्ठ्या टाकून गुप्त मतदान, शपथविधी, छातीला बिल्ला, सगळं. वर्षभरात एकच निर्णय घेतला, तो मुख्याध्यापकांनी आधीच घेतलेला होता. लोकशाहीचं शिक्षण म्हणून उत्तमच म्हणायचं.

खडूफळा | २१ जुलै, रात्री ११:५०

मी शिक्षिका आहे, जिल्हा सांगत नाही. दोन गोष्टी बोलते, एक रागाची, एक कामाची.

रागाची आधी. फलकावर माझं नाव तीन मंडळांपुढे आहे. चालतात कशी? उद्घाटन होतं, फोटो काढतो, फोटो गटावर टाकतो, लिंक भरतो. उद्घाटन आणि समारोप एकाच नारळात. शिक्षण हक्क कायद्याचं कलम २७ म्हणतं की जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक यांपलीकडे शिक्षकाला अशैक्षणिक काम देऊ नये. पण त्या 'निवडणूक' या एका शब्दात मतदारयादीचं घरोघर फिरणं मावतं. पोषण आहाराचा हिशेब, यू-डायस (शाळेची सरकारी माहिती भरणं), शिष्यवृत्तीचे अर्ज ही तर शैक्षणिकच धरलेली. तेव्हा ज्या सरांनी तुमच्यासाठी सहापर्यंत प्रयोगशाळा उघडी ठेवली, त्यांना आधी एक चहा पाजा.

आता कामाची. मंडळ शाळा सुटल्यावर घेऊच नका, वेळापत्रकात घाला. जागा आहे. नववी-दहावीला जलसुरक्षा, स्व-विकास व कलारसास्वाद हे श्रेणीचे विषय आहेत. पुष्कळ ठिकाणी त्यांच्या तासात गणित घुसतं आणि श्रेणी वर्षाअखेरीला एका बैठकीत भरली जाते. (म्हणूनच जिल्हा सांगत नाही.) त्यातली आठवड्याची एक तासिका मागा. निसर्ग आणि विज्ञान मंडळाचं निम्मं काम जलसुरक्षेचा उपक्रम म्हणून वहीत दाखवता येतं, काही खोटं न लिहिता. २०२० च्या शैक्षणिक धोरणातही अभ्यासक्रम आणि अभ्यासेतर अशी भिंत ठेवू नका असंच म्हटलंय. ते वाक्य अर्जाच्या पहिल्या ओळीत घाला. मुख्याध्यापक माणूस चांगला असला तरी त्याला वरती दाखवायला कागद लागतो.

ह्यूस्टनकर | २२ जुलै, पहाटे ४:२०

धागा आवडला. इकडची बाजू सांगतो, कारण तिकडचे नातेवाईक 'अमेरिकेत बघा कसं' म्हणून फार काही मनात धरून असतात.

मुलाच्या हायस्कुलात साठेक क्लब आहेत. बुद्धिबळ, रोबोटिक्स, डिबेट, ॲनिमे, विणकाम, बायबल वाचन, सगळं. क्लब काढतात मुलंच. एक शिक्षक 'प्रायोजक' म्हणून सही करायला तयार झाला, नियमावलीचं एक पान लिहिलं की झालं. सप्टेंबरात एके दिवशी जेवणाच्या सुट्टीत सगळे क्लब टेबलं मांडून बसतात आणि नवी पोरं नावं देत फिरतात. मागे कायदाही आहे, १९८४ चा. केंद्राचा पैसा घेणाऱ्या सरकारी हायस्कुलाने अभ्यासाशी संबंध नसलेल्या एका क्लबला जरी जागा दिली, तरी दुसऱ्याला त्याच्या धार्मिक वा राजकीय विचारांमुळे नाकारता येत नाही. त्यामुळे मुख्याध्यापकांना न पटणारे क्लबही सुखाने नांदतात.

आता दुसरी बाजू. कॉलेज प्रवेशाच्या कॉमन ॲपमध्ये (अनेक कॉलेजांना चालणारा एकच अर्ज) उपक्रमांसाठी दहा रकाने असतात, प्रत्येकात वर्णनाला १५० अक्षरं. ते दहा रकाने नववीपासून पोरांच्या डोक्यावर टांगलेले. आमच्याकडे एका क्लबात अध्यक्ष, दोन सहअध्यक्ष, चार उपाध्यक्ष, खजिनदार आहेत. साधा सदस्य एकही नाही. आपल्या देशी पालकांचं तर विचारूच नका. पॉटलकला (प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायची पंगत) जेवणाच्या आधी "तुमचा कशाचा फाउंडर आहे?" असं विचारतात. म्हणजे जास्वंदीताईंची एकतीस प्रमाणपत्रं इथेही आहेत, फक्त ती इथे 'नेतृत्व' या नावाने मिळतात.

पण एसटीची_खिडकी यांचं वाचून चरकलो. इथे मोठ्या शाळांत उपक्रमांनंतरची एक उशिराची बस असते. आमच्याकडे ती खर्च वाचवायला बंद केली. महिन्याभरात रोबोटिक्सच्या खोलीत कोण उरलं ते सांगायला नको. ज्यांच्या आया गाडी घेऊन न्यायला येऊ शकतात ती.

बॅकबेंचर | २२ जुलै, सकाळी १०:३०

माझं नाव शाळेच्या कुठल्याच फलकावर लागलं नाही. तरी माझं एक मंडळ होतं, सभासद दोन: मी आणि शिपाईकाका.

सातवीत गॅदरिंगला माईक कुईं करून ओरडला आणि कुणालाच बंद करता येईना. मी स्टेजखाली बसलो होतो (वर्गातून बाहेर काढलं होतं म्हणून). मला दिसलं की बाई माईक घेऊन कर्ण्याच्या समोर गेल्या की तो ओरडतो, मागे आल्या की गप्प बसतो. उठलो आणि कर्णा फिरवला. शिपाईकाकांनी त्या दिवशी अहुजाच्या ॲम्प्लिफायरची किल्ली माझ्याकडे दिली. पुढे तीन वर्षं १५ ऑगस्ट, २६ जानेवारी, गॅदरिंग, शिक्षक दिन, सगळीकडे मी. वायर गुंडाळायची कशी (कोपरावर नाही, पीळ बसतो, हातात गोल घेत एक उलटा एक सुलटा), बॅटरीची तार उलटी लागली तर काय होतं, पावसात कर्ण्याला पिशवी कशी बांधायची, हे सगळं काकांनी शिकवलं. काका स्वतः चौथी पास.

गणितात तीनदा नापास झालो. ओहमचा नियम मात्र पुस्तकात यायच्या आधीच हाताला चटका बसून कळला होता.

तुम्ही विचारलंत कशावर चाललं. किल्लीवर. किल्ली माझ्या खिशात होती.

जास्वंदी | २२ जुलै, सकाळी १०:५२

बॅकबेंचर, हे दोनदा वाचलं.

निवृत्त_मास्तर | २२ जुलै, दुपारी २:००

बॅकबेंचर यांनी बोट बरोबर जागी ठेवले. मी एकतीस वर्षे मराठी शिकवले, त्यातली वीस वर्षे वाङ्मय मंडळ चालवले. चालवले म्हणणे खोटे आहे, मुलांनी चालवले. मी सही करत असे.

आमचे भित्तिपत्रक दर पंधरवड्याला, गुरुवारी निघे. ड्रॉइंगशीट, कडेला सुतळी, गव्हाच्या खळीने चिकटवलेले कागद. पावसाळ्यात खळीला झुरळे लागत, म्हणून त्यात चिमूटभर मोरचूद टाकायचे (आता सांगू नये, विषारी असते, तेव्हा टाकत होतो). संपादक दर अंकाला नवा. मुख्य अट एकच होती: संपादकाने स्वतःचे काही छापायचे नाही, दुसऱ्या पाचजणांकडून मिळवायचे. या अटीमुळे हुशार मुलाला मागच्या बाकापर्यंत चालत जावे लागे. एका मुलाने लिहायला साफ नकार दिला. संपादिका त्याच्या मागे लागली, तेव्हा त्याने ऊसतोडीला गेलेल्या आईवडिलांना किती आणि कोणकोणती भांडी बरोबर न्यावी लागतात याची नुसती यादी दिली. यादी जशीच्या तशी लावली. मुख्याध्यापक तिच्यापुढे बराच वेळ उभे होते.

दुसरे, इतिवृत्त. प्रत्येक सभेचे इतिवृत्त विद्यार्थी चिटणीसाने लिहायचे आणि पुढच्या सभेत आधी ते वाचायचे. मोठ्यांच्या संस्थांत हे होते, मुलांच्या मंडळात का नको? "ठरले" या शब्दापुढे कुणाचे तरी नाव लागले की काम होते. नाव न लागलेले काम मी वीस वर्षांत झालेले पाहिले नाही.

शुद्धलेखन मी तपासत असे, पण लाल शाईने नाही.

घुमटवादक | २२ जुलै, संध्याकाळी ७:२५

गोव्याहून. आमच्या हायस्कुलात घुमट आरतीचं पथक आहे (घुमट म्हणजे तोंडावर कातडं ताणलेलं मातीचं वाद्य). २०१९ मध्ये सरकारने घुमट हे राज्याचं वारसा वाद्य जाहीर केलं, त्याच्या कितीतरी आधीपासून. ते टिकलं कारण चवथीला (गणेशचतुर्थीला) भुरग्यांना, म्हणजे पोरांना, वाड्यावर घरोघर आरत्या कराव्याच लागतात. शाळेत शिकलेलं त्याच आठवड्यात कामी येतं. शिकवतो आमचा एक माजी विद्यार्थी, दिवसा ट्रक चालवतो. पूर्वी घोरपडीचं कातडं लावायचे, ते आता कायद्याने बंद, बकऱ्याचं लावतो. नाद थोडा बदलला, म्हातारे कुरकुरतात.

उंडगा | २२ जुलै, संध्याकाळी ७:४०

मास्तर, मोरचुदाचं वाचून माझ्या शाळेतल्या भित्तिपत्रकाला कुणी हात का लावत नव्हतं ते आज कळलं.

कृष्णाकाठ | ३ ऑगस्ट, रात्री १०:१५

सगळ्यांचे आभार, आता हालचाल सांगते.

अर्ज दिला. पहिल्या ओळीत धोरण, दुसऱ्या ओळीत जलसुरक्षा, खडूफळाताई म्हणाल्या तस्साच. गुरुवारची सहावी तासिका मिळाली, नववीच्या दोन्ही तुकड्यांना एकत्र. गणिताच्या बाई आठवडाभर माझ्याशी बोलल्या नाहीत, त्यांचंही चूक नाही, त्यांचा सराव तास गेला.

प्रयोगशाळेच्या कपाटाची किल्ली मुलांकडे द्यायची म्हटल्यावर सर कचरले. आम्ल आहे, काच आहे, खरंच आहे ते. शेवटी तोडगा असा: आम्लाचं कपाट सरांकडे, बाकीचं एक कपाट मंडळाचं. त्याची किल्ली आठवड्याला एकाकडे, वहीत सही करून. पहिल्या आठवड्यात ती हरवली. दुसरी करून आणली, साठ रुपये, वर्गणीतून. तेव्हापासून गळ्यात सुतळीने बांधलेली असते.

प्रश्न: पैसे जवळपास नाहीत. शून्य खर्चाचं काही सुचवा ना.

खडूफळा | ३ ऑगस्ट, रात्री ११:०५

सावली मोजा. एक मीटरची सरळ काठी, सपाट अंगण, खडू. विषुवदिनाला म्हणजे २३ सप्टेंबरच्या आसपास, भर माध्यान्हीला काठीची सावली सगळ्यात आखूड होते. ती लांबी आणि काठी घेऊन आलेखाच्या कागदावर त्रिकोण काढा, कोनमापक लावा. वरचा कोन म्हणजे तुमच्या गावाचं अक्षांश. कराड साधारण १७.३ अंशांवर, म्हणजे सावली ३१ सेंटिमीटरच्या जवळपास यायला हवी.

मुलांना एकच गोष्ट आधी सांगू नका: माध्यान्ह बारा वाजता नसते. आपली घड्याळं ८२.५ रेखांशाच्या वेळेवर चालतात, तुम्ही ७४ च्या आसपास. ते त्यांनाच सापडू दे. शून्य सावलीचा दिवस (सूर्य थेट डोक्यावर, सावली गायब) जास्त गाजतो, पण आपल्याकडे तो मे महिन्यात सुट्टीत येतो आणि परत येतो तेव्हा आभाळ भरलेलं.

कृष्णाकाठ | २७ सप्टेंबर, रात्री ९:३०

मंडळी, झालं. पण ठरल्यासारखं काहीच झालं नाही.

२२ ला ढग. २३ ला ढग. २४ ला शाळेत वेगळाच कार्यक्रम. २५ ला मधल्या सुट्टीच्या आधी ऊन पडलं आणि मुख्याध्यापक स्वतः म्हणाले, जा. पावणेबारापासून दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाला खडूने टिंब. बाराला सगळी पोरं खाली वाकली, आता आखूड होणार म्हणून. झाली, पण थांबेना. बारा पाच, बारा दहा, अजून आखूडच. कुणी म्हणालं काठी वाकडी आहे, कुणी म्हणालं शाळेचं घड्याळ पुढे आहे. बारा पंचवीसला टिंबं थबकली आणि मग उलटी लांबायला लागली. नकाशाच्या पुस्तकातून रेखांशांतला फरक काढून चाराने गुणायला (एका अंशाला चार मिनिटं) मुलांना दोन दिवस लागले, पण काढलं त्यांनीच.

सावली आली ३३ सेंटिमीटर. ३१ यायला हवी होती. मी मनात म्हटलं, अंगणाला उतार आहे, सोडून देऊ. विंगची एक मुलगी, जिने आजवर एकदाही तोंड उघडलं नव्हतं, म्हणाली, "बाई, आपण दोन दिवस उशीर केलाय ना. सूर्य तेवढा खाली गेला असंल." मी बीएस्सी. माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

लेक चिटणीस नाही, तिने नको म्हटलं. चिटणीस मसूरचा मुलगा आहे. मास्तर, तुमच्यासाठी त्याचं इतिवृत्त जसंच्या तसं उतरवते:

"सभा क्रमांक ७. हजर ५१, गैरहजर ४. मागील इतिवृत्त वाचले. दोन चुका निघाल्या, त्या मान्य केल्या. सावली दोन सेंमी जास्त आली. कारण एक: दोन दिवस उशीर. कारण दोन: काठी सरळ उभी होती का हे कोणी पाहिले नाही. पुढच्या वेळी ओळंबा लावून पाहण्याचे ठरले. ओळंबा आणण्याची जबाबदारी ज्याचे वडील गवंडी आहेत त्याने घेतली. किल्ली त्याच्याकडेच दिली. वर्गणी शिल्लक रु. ८५. सभा बस असल्यामुळे वेळेवर संपली."

निवृत्त_मास्तर | २७ सप्टेंबर, रात्री ९:५५

"त्या मान्य केल्या" हे फार आवडले. त्या मुलाला माझा आशीर्वाद सांगा. शुद्धलेखनात एकही चूक नाही, की तुम्ही उतरवताना सुधारले?

कृष्णाकाठ | २७ सप्टेंबर, रात्री १०:०२

तीन सुधारल्या मास्तर. मान्य करते.

एसटीची_खिडकी | २८ सप्टेंबर, सकाळी ६:४५

उंडाळे गाडी मिळाली का सगळ्यांना त्या दिवशी?

कृष्णाकाठ | २८ सप्टेंबर, सकाळी ८:१०

मिळाली. बसायला जागा नव्हती म्हणे, दारात उभं राहून गेले. मीटरची काठी घरी न्यायची होती एकाला, कंडक्टरने तिचं तिकीट मागितलं.